असोद्यातील मते आणि वरिष्ठ सभागृह : राज्यघटनेच्या कलम १७१ ची चिकित्सा

जळगाव येथील विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रावर २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगाव शहरालगतच्या असोदा या गावी झाला. शाळेशी त्यांचा कधी संबंध आला नाही. त्यांची कविता त्यांच्या ओठांवर होती आणि ती इतरांनी उतरवून घेतली, म्हणून टिकली. त्यांच्या नावाचे प्रमाणपत्र ज्याच्या हाती आहे, त्याला पदवीनंतर तीन वर्षांनी विधानपरिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात मतदार म्हणून नाव नोंदविता येते. ज्यांचे नाव त्या प्रमाणपत्रावर आहे, त्यांना मात्र तेथे नाव नोंदविता आले नसते. हा योगायोग गमतीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. राज्याचे कायदेमंडळ कोणाचे प्रतिनिधित्व करते आणि कोणाचे दोनदा करते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

भारतातील घटकराज्यांना स्वतःची राज्यघटना नाही. अमेरिकेतील प्रत्येक राज्याची स्वतंत्र घटना असते. आपल्या कायदेमंडळाची रचना ते राज्य स्वतः ठरविते. नेब्रास्काने १९३४ साली जनमत घेऊन दुसरे सभागृह रद्द केले आणि १९३७ पासून एकाच सभागृहावर कारभार चालविला. जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या १९४६ च्या घटनेत शेती, उद्योग, सहकार, विद्यापीठे, धर्मसंस्था अशा घटकांचे मिळून एक सिनेट होते. १९९८ च्या सार्वमताने ते संपुष्टात आले. आपल्याकडे अशी सोय केवळ जम्मू-काश्मीरला होती आणि तीही २०१९ मध्ये संपली. उर्वरित राज्यांसाठी भारतीय संविधानाच्या सहाव्या भागातील कलम १६८ ते २१२ हीच त्यांच्या विधिमंडळाची घटना होय. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे परीक्षण करावयाचे ते याच कलमांच्या आधारे करावे लागते.

विधानसभेबाबत फारसे विवेचन आवश्यक नाही. कलम १७० प्रमाणे ती प्रौढ मताधिकाराने थेट निवडली जाते. महाराष्ट्रात तिचे २८८ मतदारसंघ असून जळगाव जिल्ह्यात ११, धुळ्यात ५ आणि नंदुरबारमध्ये ४ आहेत. अनुसूचित जाती व जमातींसाठी तेथे जागा राखीव आहेत. नंदुरबारच्या चारही जागा आणि चोपडा, साक्री, शिरपूर हे मतदारसंघ जमातींकडे, भुसावळ जातींकडे. मंत्रिमंडळ जबाबदार आहे ते या सभागृहाला. खानदेशाने त्याला मधुकरराव चौधरी आणि अरुणभाई गुजराथी हे दोन अध्यक्षही दिले. विधानसभेच्या व्यवहारावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु तिच्या रचनेचे तत्त्व निःसंदिग्ध आहे : एका माणसाचे एक मत. असोद्यातील शेतमजूर स्त्रीचे मत आणि विद्यापीठातील कुलगुरूंचे मत तेथे एकाच मापाने मोजले जाते.

वरिष्ठ सभागृहाकडे वळताच हे माप बदलते.

कलम १७१ चे पाच दरवाजे

विधानपरिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावी आणि चाळीसहून कमी नसावी, असे कलम १७१ सांगते. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ सदस्य आहेत. या सभागृहात प्रवेश करण्याचे पाच मार्ग आहेत. सुमारे एक-तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात, एक-बारांश पदवीधर, एक-बारांश माध्यमिक व त्यावरील स्तराचे शिक्षक, एक-तृतीयांश विधानसभेचे आमदार. उरलेले राज्यपाल नामनिर्देशित करतात.

येथे ‘सुमारे’ हा शब्द बारकाईने पाहिला पाहिजे. ७८ चा एक-तृतीयांश २६ होतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत महाराष्ट्रापुढे प्रत्यक्षात जे आकडे आहेत ते असे : स्थानिक संस्था २२, पदवीधर ७, शिक्षक ७, आमदार ३०, नामनिर्देशित १२. म्हणजे घटनेने समसमान ठेवलेल्या दोन वाट्यांपैकी स्थानिक संस्थांच्या वाट्यातून चार जागा उणे झाल्या आणि आमदारांच्या वाट्यात चार वाढल्या. शेजारच्या कर्नाटकात ७५ जागांपैकी दोघांनाही २५-२५ आहेत. महाराष्ट्रातील हा फरक कायद्याच्या शब्दांत बसतो; परंतु पंचायत राज्याचे अग्रणी म्हणून ज्या राज्याचे नाव घेतले जाते, त्याच राज्यात हा तराजू आमदारांच्या बाजूला झुकलेला असावा, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालेली नाही. विधानसभेतील संख्याबळाचेच दुसऱ्या सभागृहात प्रतिबिंब पाडणाऱ्या ३० जागा हा परिषदेतील सर्वांत मोठा गट आहे. पहिल्या सभागृहाहून वेगळा विचार करण्यासाठी जे सभागृह निर्माण झाले, त्याचा सर्वांत मोठा मतदार पहिले सभागृहच आहे.

असोद्यातील एक घर

ही रचना कागदावर जितकी निरुपद्रवी दिसते तितकी ती गावात दिसत नाही. असोद्यासारख्या गावातील एक घर कल्पनेने समोर आणावे. घरातील वडीलधारी स्त्री आयुष्यभर कपाशीच्या आणि भरिताच्या वांग्यांच्या शेतात राबली. तिला विधिमंडळासाठी एक मत आहे. तिचा मुलगा पदवीधर आहे, त्याला दोन. सून पदवीधर असून माध्यमिक शाळेत गेली काही वर्षे शिकविते, तिला तीन. दीर जिल्हा परिषदेवर निवडून गेलेला असेल आणि पदवीधरही असेल, तर त्याचीही मते तीन. एकाच चुलीवर जेवणाऱ्या या माणसांचे राज्याच्या कायदेमंडळातील वजन असे एक, दोन आणि तीन या प्रमाणात विभागलेले आहे. वरिष्ठ महाविद्यालयात अध्यापन करणारा वर्ग या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा आहे, आणि ही शिडी त्याला सहसा दिसत नाही याचे कारणही तेच असावे.

याच घरातील आणखी एक व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य आहे असे मानू. गावाने तिला निवडून दिले आहे. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, घरकुलांची यादी, गटारी हे सर्व तिच्या कामात येते. विधानपरिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात तिला मत आहे काय? नाही. महाराष्ट्रात हा अधिकार महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, छावणी मंडळे आणि जिल्हा परिषदा यांच्या सदस्यांपुरता आहे. पंचायत समितीतूनही केवळ सभापती, तेही जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य म्हणून, मतदान करतात. असोद्याचे सरपंचपद भूषविणारी व्यक्ती या दृष्टीने सामान्य नागरिकाहून वेगळी नाही. गावातील प्राथमिक शिक्षकांचीही तीच स्थिती आहे. ‘माध्यमिक स्तराहून कमी नाही’ या अटीमुळे अक्षरओळख करून देणारा शिक्षक शिक्षक मतदारसंघाच्या बाहेर राहतो.

हे वगळणे घटनेने सक्तीचे केलेले नाही. कलम १७१ मध्ये नगरपालिका, जिल्हा मंडळे आणि ‘संसद कायद्याने विनिर्दिष्ट करील अशी अन्य स्थानिक प्राधिकरणे’ असे शब्द आहेत. घटना तयार होत असताना पूर्व खानदेशात जिल्हा लोकल बोर्ड होते आणि ग्रामपंचायती तुरळक व दुबळ्या होत्या. त्या काळी बोर्डाला मत देणे समजण्यासारखे होते. त्यानंतर १९६१ चा जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम आला, १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा लाभला. यादी मात्र हलली नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्य या निवडणुकीत मतदान करतात. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती असून प्रत्येकीत किमान सात सदस्य असतात. त्यांचा समावेश झाल्यास या मतदारसंघांचे मतदार काही शेकड्यांवरून वाढून राज्यभरात दोन लाखांच्या घरात जातील. त्यामुळे निवडणूक आपोआप शुद्ध होईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कर्नाटकातही पैशाच्या वापराचे आरोप होतच असतात. परंतु चार-पाचशे मतदारांना ‘सहली’वर नेऊन मतदानाच्या दिवशी परत आणण्याची जी रीत आपल्या परिचयाची आहे, ती हजारो मतदारांच्या बाबतीत तेवढी सोपी राहणार नाही.

रिकामी खुर्ची

विधानपरिषद हे स्थायी सभागृह आहे, ते विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी त्याचे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. जळगाव स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचा अलीकडचा इतिहास या विधानाला एक टीप जोडतो. या जागेची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली. मतदार म्हणून ज्यांनी पुढे यायचे त्या संस्थाच तोपर्यंत ओस पडू लागल्या होत्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर स्थानिक निवडणुका लांबत गेल्या. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. २०१८ मध्ये निवडून आलेल्या जळगाव महानगरपालिकेची मुदत २०२३ मध्ये संपली. पुरेशा संस्था आणि पुरेसे मतदार अस्तित्वात असल्याशिवाय निवडणूक आयोग ही निवडणूक घेत नाही. परिणामी जळगावची जागा २०२५ हे वर्ष उलटेपर्यंत भरली गेली नाही. पुणे, नांदेड, यवतमाळ, सांगली-सातारा, भंडारा-गोंदिया येथील जागाही त्याच दिवसांत रिकाम्या झाल्या होत्या.

या घटनेचा अन्वयार्थ प्रशासकीय दिरंगाईपुरता मर्यादित नाही. राज्य सरकारच्या अखत्यारीतील संस्थांना वेळेवर निवडणूक मिळाली नाही, म्हणून राज्य सरकारवर अंकुश ठेवणाऱ्या सभागृहातील जागा रिकाम्या राहिल्या. स्थानिक संस्थांचा आवाज राज्याच्या राजधानीत पोहोचविण्यासाठी जो मतदारसंघ आहे, तो त्या संस्थांवर प्रशासक असतानाच मुका झाला. म्हणजे आवाजाची गरज सर्वाधिक असण्याच्या काळात. याच वर्षांत असोद्यासारख्या गावांत ग्रामपंचायती अस्तित्वात होत्या, निवडून आलेले सदस्य होते. मतदार होते, यादीत त्यांचे नाव नव्हते.

पदवी ही पात्रता

पदवीधर मतदारसंघाची पाळेमुळे ब्रिटिश काळात आहेत. मुंबई विद्यापीठाला जुन्या मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र जागा होती. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात १९३७ पासून दोन सभागृहे आली, तेव्हा १७५ सदस्यांच्या विधानसभेवर तीसच्या आत-बाहेर सदस्यांची परिषद बसविण्यात आली आणि तिचा मतदार मालमत्तेच्या निकषावर बेतलेला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेने मालमत्तेची अट काढली आणि पदवीची ठेवली. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. प्रौढ मताधिकारातून जाणते लोक निवडून येतील की नाही, ही त्या वेळची भीती प्रामाणिक होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली आहे आणि विधानसभेत पदवीधरांची वाण नाही. ज्या भीतीतून हा मतदारसंघ जन्माला आला ती ओसरली. भीतीने बांधलेली भिंत तेवढी उभी आहे.

पदवीधरांना स्वतंत्र प्रतिनिधी मिळाला तर त्यांचे कोणते विशिष्ट हितसंबंध तो मांडतो, याचेही समाधानकारक उत्तर देता येत नाही. शिक्षकांचे तसे नाही. वेतन, अनुदान, सेवाशर्ती असे त्यांचे प्रश्न आहेत आणि शिक्षक आमदारांनी ते वर्षानुवर्षे नेटाने मांडले आहेत. मात्र व्यवसायाला प्रतिनिधित्व हे तत्त्व एकदा मान्य केले, तर केळी उत्पादक शेतकरी, जिनिंग कारखान्यातील कामगार किंवा अंगणवाडी सेविका यांना ते का नाही, या प्रश्नापासून सुटका नाही. बव्हेरियाच्या सिनेटने निदान शेतीला आणि कामगारांना दार उघडे ठेवले होते.

याहून गंभीर बाब आरक्षणाची आहे. कलम ३३२ चे आरक्षण फक्त विधानसभेला लागू होते. परिषदेत अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही राखीव जागा नाही. २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभा यांत महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधलेली आहे. विधानपरिषद त्यातूनही वगळली गेली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यामुळे खालून वर जाताना असे दिसते की असोद्याच्या ग्रामपंचायतीत निम्म्या स्त्रिया, पुढेमागे विधानसभेत एक-तृतीयांश, आणि ‘वरिष्ठ’ म्हणविणाऱ्या सभागृहात ज्याच्या-त्याच्या मर्जीप्रमाणे.

साहित्य या शब्दाचा अर्थ

बहिणाबाईंसारख्या प्रतिभेसाठी या सभागृहात मुद्दाम ठेवलेला मार्ग एकच : राज्यपालांचे नामनिर्देशन. साहित्य, शास्त्र, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव, हा त्याचा निकष आहे. राज्यसभेच्या अशाच तरतुदीत सहकाराचा उल्लेख नाही. राज्यांसाठी तो जाणीवपूर्वक जोडलेला दिसतो. या कलमात पदवी मागितलेली नाही, ‘प्रत्यक्ष अनुभव’ पुरेसा मानला आहे. संपूर्ण कलम १७१ मध्ये निरक्षर प्रतिभेला मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा म्हणावी ती एवढीच. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि त्यांचा कवितासंग्रह १९५२ मध्ये निघाला, त्यामुळे हा प्रश्न काळानेच मिटविला. पुढे ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी याच मार्गाने परिषदेत आले. महानोरांचे पळसखेड अजिंठ्याच्या परिसरातले, खानदेशच्या उंबरठ्यावरचे. पाणी आणि शेती हे विषय त्यांनी सभागृहात ज्या अधिकाराने मांडले, तो अधिकार त्यांना कवितेइतकाच स्वतःच्या शेताने दिला होता. दुसरे सभागृह कशासाठी असावे याचे उत्तर अशा नियुक्त्यांत सापडते.

तथापि अपवादांवरून नियमाचे समर्थन होत नाही. जून २०२० मध्ये नामनिर्देशित सदस्यांच्या बाराही जागा रिकाम्या झाल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन मंत्रिमंडळाने बारा नावांची शिफारस केली. राज्यपालांनी ती मान्यही केली नाही आणि परतही पाठविली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये, वाजवी मुदतीत निर्णय करणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मत नोंदविले. तरीही निर्णय झाला नाही. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर जुनी यादी मागे घेण्यात आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याच्या तोंडावर, बारापैकी सात जागा भरल्या गेल्या. चार वर्षांहून अधिक काळ साहित्य, शास्त्र आणि कला यांना या सभागृहात एकही आसन नव्हते. त्याबद्दल साहित्यिकांच्या, शास्त्रज्ञांच्या किंवा कलावंतांच्या वर्तुळातून फारशी हाक-बोंब झाली नाही, कारण या जागा आपल्या आहेत ही भावनाच त्यांच्यात उरलेली नसावी.

याच काळातील दोन उदाहरणे प्रवर्गांचा अर्थ किती पातळ झाला आहे ते दाखवितात. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांचेच नाव राज्यपालनियुक्त जागेसाठी सुचविण्यात आले होते. अखेर ते मे महिन्यात आमदारांमार्फत बिनविरोध निवडून आले. जळगाव जिल्ह्यातील ज्येष्ठ नेते एकनाथ खडसे यांचे नाव २०२० च्या बारा जणांच्या यादीत होते; पुढे जून २०२२ मध्ये तेही आमदारांच्या मतांनी परिषदेत गेले. या व्यक्तींच्या योग्यतेचा येथे प्रश्न नाही. मुद्दा असा की एकच व्यक्ती एका दारातून समाजसेवक म्हणून आणि दुसऱ्या दारातून पक्षाची उमेदवार म्हणून सारख्याच सहजतेने येऊ शकते. मग दारे पाच ठेवण्याचे प्रयोजन काय?

रद्द करावी की बदलावी

एवढ्यावरून परिषद रद्द करावी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि ते अनेकदा काढलेही गेले आहे. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने त्यापाठोपाठ, तामिळनाडूने १९८६ मध्ये आपली परिषद बंद केली. आंध्र प्रदेशाने १९८५ मध्ये बंद करून २००७ मध्ये पुन्हा सुरू केली. आज सहाच राज्यांत ती आहे. परिषदेचे अधिकारही तोकडे आहेत : साधे विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना लांबवू शकते, वित्त विषयक धन विधेयक चौदा दिवस, संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची सोय नाही, राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत तिच्या सदस्यांना मत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत दुसऱ्या सभागृहाबद्दल फारसा उत्साह दाखविला नव्हता. हा एक प्रयोग आहे, असाच त्यांचा सूर होता.

तरीही महाराष्ट्राच्या बाबतीत हा प्रयोग निष्फळ म्हणता येत नाही. रोजगार हमी योजनेचे प्रवर्तक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ विधानपरिषदेचे सभापती होते. योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचा आदर्श मिळाला. खडी फोडणाऱ्या, बंधाऱ्यावर माती वाहणाऱ्या ज्या स्त्री-पुरुषांसाठी तो कायदा झाला, त्यांतील बहुसंख्यांना परिषदेच्या निवडणुकीत एकही मत नव्हते. परिषदेने केलेल्या सर्वांत मोठ्या कामाचे लाभार्थी तिच्या मतदारयाद्यांच्या बाहेरचे होते. परिषदेचे समर्थन आणि तिच्या रचनेवरील आक्षेप, दोन्ही या एका उदाहरणात आहेत.

म्हणून ‘ठेवावी की काढावी’ हा वाद चुकीच्या जागी उभा आहे असे म्हणावे लागते. कलम १७१ च्या दुसऱ्या खंडात एक वाक्यांश आहे, ज्याच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही : संसद कायद्याने अन्य तरतूद करीपर्यंत परिषदेची रचना पुढील खंडाप्रमाणे राहील. पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्था, आमदार ही वाटणी घटनाकारांनी तात्पुरती म्हणून लिहिली होती. परिषद रद्द करावयाची तर विधानसभेत विशेष बहुमताचा ठराव लागतो. तिची रचना बदलण्यासाठी संसदेचा साधा कायदा पुरतो. अवघड मार्गाने काही राज्ये गेली, सोप्या मार्गाने कोणीच गेले नाही. राजस्थान व आसाममध्ये परिषद स्थापन करण्यासाठी २०१३ मध्ये आलेली विधेयके असोत किंवा ओडिशा (२०१८) आणि पश्चिम बंगाल (२०२१) विधानसभांचे ठराव असोत, प्रत्येकाला परिषद हवी होती. तिचा मतदार कोण असावा हा प्रश्न कोणी नव्याने विचारला नाही.

दुसरे सभागृह पहिल्यापेक्षा वेगळ्या रीतीने निवडले जावे, हे तत्त्व मान्य होण्यासारखे आहे. अन्यथा ती केवळ पुनरुक्ती होईल. वेगळेपणाचा आधार मात्र पदवी असू नये. प्रदेश, स्थानिक शासन, प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे आधार उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी दोन घटनेच्या शब्दांत आधीच आहेत. पदवीधरांच्या सात जागा स्थानिक संस्थांकडे वळविल्या, तर त्यांचा २२ चा आकडा २९ होतो, घटनेतील एक-तृतीयांशाहून किंचित अधिक. त्यातील निम्म्या जागा महिलांसाठी राखणे अवघड नाही, कारण निवडणाऱ्या संस्थांत त्या निम्म्या आहेतच. वाटणीतील हा बदल कलम १७१ च्या दुसऱ्या खंडाखाली संसदेच्या साध्या कायद्याने होऊ शकतो. ग्रामपंचायतीला मताधिकार देण्यासाठीही संसदेचा साधा कायदाच पुरतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्राच्या नावाखाली जी छोटी यादी आहे, तिच्यात एक नोंद वाढवावी लागते.